दिलीपच्या घराचं गाऱ्हाणं

परदेशात राहून माणूस शहाणा होतो असं वाटत असेल, तर आमच्या दिलीपला भेटा. माझा चुलतभाऊ. कॅनडात घर घेऊन दोन वर्षं झाली, आणि परवा मला व्हिडिओ कॉल: "घरात करमत नाही रे. जागेतच काहीतरी आहे. आबांना गाऱ्हाणं घालायला सांग." मालवणी त्याने विमानातच सोडली होती.

आबा आमच्या वाडीचं गाऱ्हाणं घालतात. ते देवाला साकडं घालतात आणि जमलेल्यांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मी नारळ मांडला, फोन आबांसमोर धरला.

"थंयचो राखणदार कोण रे?" आबांनी विचारलं. म्हणजे त्या जागेचा देव.

"राखणदार कसला आबा! चारी बाजूंना कॅमेरे आहेत."

"बरा. शेजाऱ्याचा नाव काय?"

"माहीत नाही. इकडे कुणी कुणाकडे जात नाही. सुधारलेला देश आहे."

"दोन वर्षांत घराक कोण इललो?"

"पार्सलवाला."

आबांनी नारळ उचलून माझ्या हातात दिला. "ह्यो चटणीक घे," म्हणाले आणि फोनकडे वळले. "दिलग्या, गाऱ्हाणा मी घालीन रे. पण थंय 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतलो? कॅमेरे?"