टेकू द्यायचं न्हाई

(कुरुंदा. अखंड सप्ताहाचा मंडप, दुपार उलटलेली. शिवहारच्या गळ्यात वीणा, शेजारी पुंजाजी मामा. पंचफुलाबाई मंडप झाडतेय.)

पुंजाजी : ...मंजे आग भिताडाला लागू द्यायची न्हाई, याचा सरकार तुला पगार देतं? तुझी मामी तर जनमभर चुलीपाशी फुकटच राबून राहिली!

शिवहार : हसू नका, मामा. सूर्यात पेटते तशी आग वायूत पेटवतो आम्ही. लाखो अंशांचा ताव असतो त्या वायूला. लोहचुंबकाच्या जोरावर भांड्यात अधांतरी धरतो आम्ही. तरी त्याची कड भिंतीला घासतेच.

पुंजाजी : मग भिंत जळती.

शिवहार : झिजते. पण त्याआधी आगच विझते. भिंतीचे कण उडून आत शिरतात आन् सगळा ताव खाऊन टाकतात. डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास.

पुंजाजी : आं? एवढा मोठा सूर्य पेटवला, आन् भिताडाच्या धुरळ्यानं मेला?

शिवहार : म्हणून तर आतून कर्बाच्या फरश्या बसवायच्या. पण त्या हवेतली ओल पिऊन बसतात. आधी भट्टीत तापवून ती काढावी लागते. साहेबाला घाई. परवा सकाळी मी गुजरातेत पोचलो न्हाई तर तशाच बसवून मोकळे होतील. ऐन तावात त्यांनी ओल ओकली की वर्षभराची मेहनत पाण्यात. भिवाजी कुठं राहिला? आता वीणेचा पहारा त्याचा हाय ना?

पुंजाजी : हळद शिजवून राहिला. येईल की.

शिवहार : वसमतची गाडी गेली तर पुढं रेल्वे चुकती, मामा. तुम्ही घ्या ना वीणा.

पुंजाजी : आरं, परवाच नातू झाला न्हाई का मला? घरात सोयर हाय. बारसं होईस्तोवर मी वीणेला शिवत न्हाई.

शिवहार : मग त्या खुंटीला अडकवतो.

पुंजाजी : खबरदार! सप्ताह उठेपर्यंत वीणा उभ्या माणसाच्या गळ्यातच पायजे. जमिनीला न्हाई, खुंटीला न्हाई. तुझी आग पातं लवेस्तोवर टिकत न्हाई, आन् ही बघ, सप्ताह बसल्यापासून अधांतरी हाय. बिगर लोहचुंबकाची!

पंचफुलाबाई : मंडप झाडून झाला माझा. माझ्याकडं दे लेकरा. हातपाय धुऊनच आले.

पुंजाजी : तू? पंचफुलाबाई, बाईच्या गळ्यात वीणा? गाव बघंल तर काय म्हणंल?

पंचफुलाबाई : गाव हळद शिजवून राहिलंय. बघायला हाय कोण?

पुंजाजी : मी हाय की!

शिवहार : मामा, हॉर्न वाजला. टेकवू का देऊ, एवढंच सांगा.

पुंजाजी : ...मी जरा देवाकडं तोंड करून बसतो. मला काई दिसलं न्हाई.

शिवहार : घ्या मावशी. पाया पडतो.

पंचफुलाबाई : आरं, पाया काय पडून राहिला? पळ!

पुंजाजी : ...घावली का गाडी त्याला?

पंचफुलाबाई : घावली. वळा आता इकडं.

पुंजाजी : हा बघ, भिवाजीबी आला. पिवळ्या हातानंच आला, येडं! धू रे हात. पंचफुलाबाई, दे बरं त्याला झटक्यात, कुणी यायच्या आत.

पंचफुलाबाई : माझा अभंग चालू हाय, पुंजाजी. मागं उभा राहून धृपद धर म्हणावं त्याला.