कुरडईतली ऊर्जा

...आणि वर हर्षालीच्या शाळेतल्या बाई म्हणतात, "ऊर्जेचा प्रयोग वर्गात दाखवायचाय, सोप्पं आहे हो, घरातली उदाहरणं द्या!" आता सांगा, मी सातवी शिकलेली, मी कुठून ऊर्जेचे प्रकार शिकवू? पण आमची हर्षाली, चौथीतली, वर्गात उभी केली की तोंडच उघडत नाही, मागच्या खेपेला रडून खाली बसली, माझ्या जिवाला घोर... म्हटलं, या वेळी पोरगी बोललीच पाहिजे! पुस्तक उघडलं तर काय : ऊर्जा कुठं जात नाही, नुसतं रूप बदलते. बरं बाई!

मग तुम्हाला सांगते, मी कुरडयांचा डबाच काढला! "हे बघ हर्षे, गव्हानं ऊन घेतलं, ती प्रकाशाची ऊर्जा दाण्यात साठली. गच्चीवर चीक वाळला, कढईत कुरडई फुलली, ती उष्णता. खाताना कुर्रर्र वाजतं, तो ध्वनी. अन् खाऊन तू हुंदडतेस ना, ती गती!" विजेला कुरडईत कुठं बसवू? म्हटलं, वर पंखा दाखव! मागून सासूबाई, "अगं, सटाण्याच्या पाहुण्यांसाठी ठेवल्यात त्या!" म्हटलं, "आई, ऊर्जा कुठं जात नाही, नुसतं रूप बदलते." "हो का? मग पाहुण्यांना कुठलं रूप वाढू?"

तरी दिल्या डबाभर तळून! अन् गेले शाळेत, उभी राहिले खिडकीबाहेर... तर काय, हर्षालीचा नंबर यायच्या आधीच, मधल्या सुट्टीत, अख्ख्या वर्गानं प्रयोग खाल्ला! बाईंनी नाव पुकारलं तर डब्यात नुसता चुरा! पोरीचे ओठ थरथरायला लागले. म्हटलं, झालं, आता रडते...

रडली नाही हो! बोट दाखवून म्हणते कशी, "बाई, माझी ऊर्जा यांच्या पोटात गेली! ही तेजल बाकावर उड्या मारतेय, ती गती! हा सगळा गोंगाट, तो ध्वनी! अन् रागानं माझे कान तापलेत, ती उष्णता!" बाईंनी टाळ्या वाजवल्या, वर्गानं वाजवल्या, अन् मी? मी बाहेर पदरात तोंड घालून रडतेय... आनंदानं हो!

पण बाईच त्या! फाटकात गाठलंच मला. "किती छान! उद्या ब तुकडीलाही दाखवू या ना. फक्त डबा जरा मोठा द्या हं!"

आता कढई तापतेय, डब्याचा तळ दिसतोय, अन् दारात सासूबाई उभ्या, "ऊर्जा कुठं जात नाही म्हणे... कुरडया जातात!"