हेरिंगच्या जाळ्यातले बुडबुडे

(मिनेसोटातलं डुलुथ. रेडिएशन विभागाबाहेरच्या खुर्च्या. आर्वो निएमी हा म्हातारा कोळी, कानांपर्यंत लोकरीची टोपी ओढलेला. शेजारी डोरीन, कोट न काढताच बसलेली.)

आर्वो : तुझाच काय, सुपीरियर सरोवरातल्या माशांचासुद्धा यावर विश्वास बसणार नाही! डॉक्टर अडायेमीबाईंनी माझ्या मेंदूतल्या गाठीची कुजबूज ऐकली, ती मी विणलेल्या जाळ्यामुळे.

डोरीन : नका विश्वास ठेवायला लावू. मी निघालेच आहे.

आर्वो : नाव पुकारायच्या आत?

डोरीन : तो मुखवटा! परवा मापासाठी गरम प्लास्टिक तोंडावर ओढून बसवलं. आज तोच चढवून डोकं टेबलाला खटाखट अडकवणार. मघाशी एक माणूस बाहेर आला, कपाळावर, गालांवर जाळीचे ठसे. वाफलच्या साच्यातून काढल्यासारखा. मी तर लिफ्टमध्येही पाय ठेवत नाही.

आर्वो : पहिल्या दिवशी मीही असाच पळायला निघालो होतो. आता आत डुलकी काढतो. घोरतोसुद्धा.

डोरीन : आणि एवढं सोसून कळणार काय? माझ्या मेहुण्याची किरणं संपली, तर फोटोत गाठ मोठी दिसली. वाढलीय की किरणांनी सुजलीय, कोणी छातीठोक सांगेना. थांबू या, बघू या. त्या थांबण्यानंच तो निम्मा झाला.

आर्वो : त्याच कोड्याच्या मागे बाई लागल्यात ना! गाठीतली एकेक पेशी बुडबुडे सोडते. इतके बारीक की पिसवेच्या पापणीवर त्यांची जत्रा भरेल. प्रत्येकात शेजाऱ्यांसाठी शिदोरी. किरणं पडली की शिदोरी बदलते. काही बुडबुडे तर शेजाऱ्यांना शिकवतात म्हणे, असे तग धरा, तसे वाचा. आणि यातले थोडे वाहत वाहत रक्तात येतात.

डोरीन : म्हणजे दंडातल्या रक्तावरून कळेल, आत गाठ मरतेय की माजतेय?

आर्वो : कवटीला हात न लावता! पण बुडबुडे हाती लागेनात. मी म्हटलं, बाई, आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या हेरिंग माशांची जाळी विणलीत. बायकोचा एक केस घेतला, उभा चिरला, पुन्हा चिरला. तेव्हा केस होते तिला, म्हणून जमलं. त्याचं असं जाळं विणलं की त्यातून सरोवराचा वाससुद्धा पलीकडे जाईना. पहिल्याच खेपेला नळी बियरसारखी फेसाळून वर आली!

डोरीन : पुरे, म्हातारबुवा.

आर्वो : बरं, जाळं सोड. बाईंचं ऐक, ते खरं आहे. गेल्या वर्षी किरणांनंतर बुडबुडे घटलेले दिसले. प्रयोगशाळेत टाळ्या, केक. मी असतो तर पेपरात फोटो छापून आणला असता. या बाई केक न खाता विचारतात, रक्ताच्या नळ्या आणल्या कशा? निघालं काय, तर ट्रकमध्ये हिंदकळून बुडबुडे वाटेतच फुटले होते. स्वतःचाच आनंद स्वतः फोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अजूनही बजावतात, आर्वो, लोकांना आशा विकू नकोस, यावर अजून कोणाचा उपचार ठरवत नाही आम्ही. इतकी हुशार बाई, पण थाप मारायची अक्कल काडीची नाही!

डोरीन : अशी बाई मी चालवते त्या बसला मेकॅनिक मिळायला हवी होती.

आर्वो : तुझं रक्त मागितलंय त्यांनी?

डोरीन : मागितलंय. पहिली नळी दिलीसुद्धा. पण मी आत गेलेच नाही, तर तिचा काय उपयोग?

आर्वो : काही नाही. किरणांआधीचं हवं आणि नंतरचंही हवं. एका काठावर उभं राहून नदीची रुंदी सांगता येत नाही, पोरी.

डोरीन : मला गोड बोलून आत ढकलताय.

कर्टिस, तंत्रज्ञ : डोरीन, आलोच हं तुम्हाला न्यायला. टेबल पुसून घेतो. आधीच्या बाई कोट चढवतायत.

डोरीन : आर्वो, टोपी काढा.

आर्वो : गारठा आहे गं.

डोरीन : मी स्कूल बस चालवते. मागच्या सीटवरची थाप मला आरशात दिसते. काढा.

आर्वो : घे. काढली.

डोरीन : केवढं हे जंगल! किरणं शिरतात तिथले केस जातात, परवाच सांगितलं मला. तुमचा एक केस हललेला नाही. कपाळावर ठसा नाही. वर म्हणे, ‘तेव्हा केस होते तिला’. तुम्ही त्या टेबलावर कधी आडवे झालाच नाहीत. गाठ तुमची नाहीच. आत तुमची बायको आहे.

आर्वो : हेल्मी. ...घोरते मात्र ती खरंच.

डोरीन : खोटारडे आहात एक नंबरचे. धरा हा माझा कोट.