विहाराचा स्पीकर

बाबाराव : नाही म्हणलं ना तुले! ते लहान डब्बं हात लावून सुदा पाहू नको. ते आवाजाचं मशीन गिटारवाल्याचं हाये. तू वाजवतो बेस.

बळीराम : पन भाऊ, गिटार काय नि बेस काय, दोन्हीले ताराच असतेत ना. अन् तुमच्या दुकानात स्वस्तातलं तेच दिसून राहिलं मले.

बाबाराव : ताराच असतेत म्हणे! अबे, चाकं तं बैलगाडीले बी असतेत नि इंजिनाले बी. बेसचा आवाज जाडा असते. तो स्पीकरच्या कागदाले आतून ढकलते. कागद लहान असला का दोन गाण्यांत चिंध्या. मंग येशीन इथंच रडत, बाबाराव भाऊ, तुम्ही मले फसवलं म्हणून.

बळीराम : दोन गाण्यांत फाटते?

बाबाराव : दोन बी लय झाले. जोरात वाजवलं तं एकातच. काहून गा, तोंड काहून उतरलं तुहं? अजून तं तू काही घेतलं बी नाही.

बळीराम : काही नाही. गरमी होऊन राहिली. तो पंखा इकडं फिरवा ना जरा.

बाबाराव : मे महिन्यात नागपुरात गरमी नाही होईन तं काय बरफ पडन? घे, फिरवला. आता ध्यान देऊन आयक. हे मोठं पाय, वॉल्व्हवालं. मुंबईच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं जाता जाता विकलं मले. आवाज असा का पोटात घुसते. पन उचलाले चार मानसं लागतेत, नि किंमत आयकली तं तू बेस बी विकशीन.

बळीराम : ते राहूच द्या.

बाबाराव : राहू दिलं. मंग एकच रस्ता उरला. मी बनवून देतो. चाळीस वॅट, ट्रान्झिस्टरवालं. स्पीकर पंधरा इंची. पेटी सागाची नाही देनार, प्लायची देईन, पन जाड. आतून कापूस लावून देतो. दोघं जन आरामात एस्टीच्या टपावर चढवतीन.

बळीराम : परवडन ना मले?

बाबाराव : तू मिलमध्ये लागला ना? मंग परवडन. अर्धे आता दे, अर्धे तुहं मशीन वाजल्यावर. कधी पायजे?

बळीराम : पुढच्या हप्त्यात. मौद्याले लग्न हाये. आमच्या गाण्याच्या पार्टीचा बाहेरगावचा पयलाच कार्यक्रम.

बाबाराव : झालं म्हणून समज. पन मले एक सांग, आतापर्यंत कशावर वाजवत होता तू?

बळीराम : कशावरच नाही. सहा महिने झाले, असंच. बिना मशीनचा.

बाबाराव : सहा महिने बेस बिना मशीनचा? बाप्पा! तुले तरी आयकू येत होतं का?

बळीराम : एकडाव लावला होता मशीनवर. एका ठिकाणी.

बाबाराव : कोनत्या मशीनवर?

बळीराम : होतं असंच एक. बोलाचं. माइकवालं.

बाबाराव : मंग?

बळीराम : मंग काही नाही. बंद केलं.

(तेवढ्यात दुकानाच्या पायरीशी सायकल टेकली. मागच्या कॅरियरवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी गोल, सुतळीनं बांधलेलं. उतरणारा म्हातारा कोण, हे बळीरामनं तोंड दिसायच्या आधी त्याच्या खोकल्यावरूनच ओळखलं. मागच्या दारानं सटकावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण मागं नुसतं अंगण होतं, बाहेर जायला वाट नव्हती.)

धोंडबा : जय भीम, बाबारावजी. अरे! बळीराम? तू इथं कसा गा?

बळीराम : जय भीम, काकाजी. मी... मशीन पाहाले आलो होतो. बेससाठी.

धोंडबा : वा! घेऊन राहिला म्हंजे! बाबारावजी, हा आमच्या वस्तीतला. याचा बाप नि मी एकाच खात्यात होतो मिलमंधी. गरीब मानूस, पन गळा काय होता! पोट्ट्यानं तेच घेतलं. याले चांगलं द्या बरं. घरी एक खोली अन् सात मानसं, कुठं वाजवन बिचारा? म्हणून मी विहाराची चाबी देत होतो याले. म्हणलं, बसा तिथं, बुद्ध-भीमाचे गाणे बसवा.

बाबाराव : देईन ना, चांगलंच देईन. बसा तुम्ही. चादरीत काय आनलं?

धोंडबा : विहाराचा स्पीकर. आठ दिस झाले, खर्रर्र केलं नि मुका झाला. बुद्ध पौर्णिमा आली तोंडावर. पाहा बरं, जगते का मेला.

बाबाराव : आना इकडं. बळीराम, तो पेचकस दे. अबे, तुह्या हाताखालीच हाये. हं. ही जाळी निघाली... अरे बाप्पा! हे काय केलं हो? कागद गोलच्या गोल फाटला. कॉइल बी बाहेर आली. काय वाजवलं याच्यावर?

धोंडबा : वाजवन काय? सकाळी वंदना म्हनतो मी. कोनाचं लग्न, कोनाची मयत, तेवढं सांगतो माइकवरून. बासष्ट साली मशीन आलं, तवापासून मीच लावतो नि मीच बंद करतो.

बाबाराव : वंदनेनं असं नाही फाटत, धोंडबाजी.

धोंडबा : फाटला ना पन. माह्यानंच फाटला, आता कायले लपवू? महादेवराव, आमचे अध्यक्ष, ते म्हनते, धोंडबा, तुमचे कान गेले. तुम्हाले आयकू येत नाही म्हणून तुम्ही आवाजाचं बटन पुरं फिरवता. मी म्हणलो, नाही हो. ते म्हनते, मंग कोनं फाडला? मी चार मानसांतून उठलो नि घरी आलो.

बाबाराव : तुमच्याशिवाय कोनी गेलं होतं का आत?

धोंडबा : हा गेला होता. म्हणून याले मी पयलेच इचारलं. म्हणलं, बळीराम, मशीनले हात लावला का गा? यानं नाही म्हणलं. मंग विषयच संपला ना! हा रांगत होता तवापासून पाहून राहिलो मी याले. माह्याशी कायले खोटं बोलन?

बळीराम : काकाजी, पानी देऊ तुम्हाले?

धोंडबा : देजो मंग. तं काय सांगत होतो, बाबारावजी, तवापासून सोतावरचा भरोसाच गेला. घरी रेडिओ लावतो तं सुनेले इचारतो, सुभद्रा, मोठा तं नाही झाला वं? ती म्हनते, मामाजी, आयकूच येऊन नाही राहिला, वाढवा थोडा. पन माहा हात नाही जात.

बाबाराव : असं करा, उन्हातून आले तुम्ही. मांगं आंगनात नळ हाये, तोंडावर पानी मारून घ्या. तोवर मी आतून पाहतो याले.

धोंडबा : हो, जीव घाबरा झाला खरा. ते चादर सांभाळा बरं, सुनेची हाये.

बाबाराव : गेला. आता बोल.

बळीराम : काय बोलू?

बाबाराव : हळू बोल, नळ काही दूर काटोल गावाले नाही, मांगंच हाये. एका ठिकानचं, बोलाचं, माइकवालं मशीन. हेच ना?

बळीराम : हो.

बाबाराव : भैताड! नि त्यानं तोंडावर इचारलं तं नाही म्हणलं?

बळीराम : भाऊ, फाडाचं थोडी होतं मले. तुम्हीच सांगा, सहा महिने झाले बेस घेऊन, त्याचा आवाज मीच कधी आयकला नव्हता. नुसता बोटांत लागत होता. पार्टीवाले म्हनत, तू वाजवतो का नुसता धरून बसतो? त्या दिवशी बाकीचे निघून गेले. म्हणलं, एकच गाणं. माइक काढला, माही वायर लावली. पयला सूर वाजला नि पायाखालची फरशी हालली, भाऊ! मले हासूच आलं. एकटाच हासून राहिलो होतो बुद्धाच्या मूर्तीसमोर. मंग वाढवलं थोडं. अजून थोडं.

बाबाराव : नि मंग खर्रर्र.

बळीराम : हो. वायर काढली, माइक लावला, जसं होतं तसं केलं. चाबी द्याले काकाजीच्या घरी गेलो. ते म्हणले, दमला असशीन, चहा पे. मी पेलो. बशीत वतून, फुंकून, पुरा पेलो. दुसऱ्या दिवशी त्यायनं इचारलं तं तोंडातून 'नाही' असंच निघालं. एकडाव 'नाही' म्हणून बसलो, मंग 'हो' कसं म्हनू?

बाबाराव : नि आठ दिवस ते बुढं सोताचे कान गेले म्हणून हिंडून राहिलं.

बळीराम : मले झोप नाही, भाऊ. खरंच सांगतो. मी ठरवलं होतं का माहं मशीन आलं का पौर्णिमेले तेच विहारात नेऊन ठेवीन. गुपचाप.

बाबाराव : गुपचाप! म्हंजे स्पीकर येईन, नि बुढ्याचे कान गेलेलेच राहतीन. वा रे हुशार!

बळीराम : मंग काय करू? महादेवराव वस्तीतून काढतीन मले. पार्टीले विहारात पाय ठेवू देनार नाही कोनी.

बाबाराव : नाही देनार. ते काही मी खोटं नाही सांगत तुले. पाय बळीराम, मी तुही चुगली नाही करनार. दुकानातली गोष्ट दुकानात. पन त्यानं मले सरळ इचारलं, का बाबाराव, हा कायनं फाटला, तं मी खरं सांगीन. नळ बंद झाला पाय. आला तो.

धोंडबा : लय बरं वाटलं. मंग, काय म्हनते? जगते का?

बाबाराव : जगते. नवा कागद टाकतो, कॉइल बांधतो. परवा न्या.

धोंडबा : आज नाही का होनार? पाच वाजता विहाराची बैठक हाये. आज चाबी वापस घेतीन माह्यापासून. म्हणलं, चाबी द्याच्या आंधी माह्या पदरचं लावून दुरुस्त करून ठेवावं, म्हंजे मांगून कोनी बोट नाही दाखवनार.

बळीराम : चाबी नोका देऊ, काकाजी.

धोंडबा : द्या लागन गा. सतरा वर्सं सांभाळली, पुष्कळ झाली. आता नवा पोट्टा पाहतीन कोनी. मी मांगं बसून म्हनीन वंदना. तू माहं सोड, तुहं सांग. कोनतं घेतलं? पैशापायी लहान घेऊ नको बरं. कमी पडत असन तं सांग, सुभद्रापाशी...

बळीराम : काकाजी, तुमचे कान चांगले हायेत.

धोंडबा : काय म्हणलं?

बळीराम : स्पीकर मी फाडला. बेस लावला होता त्याले. तुम्ही इचारलं तं मी खोटं बोललो.

धोंडबा : बाबारावजी, बेसनं फाटते का हो असं?

बाबाराव : असंच फाटते. बेसनंच फाटते. मानसाच्या आवाजानं जन्मात नाही.

धोंडबा : म्हंजे बटन माह्या हातानं नव्हतं फिरलं?

बळीराम : नाही, काकाजी.

धोंडबा : पक्कं?

बळीराम : पक्कं. मीच फिरवलं होतं.

धोंडबा : आठ दिस झाले, नातवाले उचललं नाही मी. दीड वर्साचं लेकरू, हात वर करून मांगं मांगं येते. मी म्हनतो, जाय तुह्या मायपाशी. वाटलं, हाताचा भरोसा नाही राहिला, पाडलं-बिडलं तं?

बळीराम : मारा मले. इथंच मारा.

धोंडबा : मारून काय होते? कागद होता, फाटला. त्याचा राग नाही गा मले. पन तू त्याच दिवशी माह्या घरी बसून चहा पेला. नि मी तुले अजून देऊ का म्हणत होतो.

बळीराम : भाऊ, मशीन नाही पायजे मले. तुमच्या हातात देतो ते पैसे, विहाराच्या स्पीकरले लावा. बेस बी विकतो मी. वाजवतच नाही आता.

धोंडबा : गप! दुरुस्तीचे दे, ते तुह्याकडं निघतेतच. पन तुहं मशीन तू घेच. नाही घेतलं तं उद्या हात शिवशिवतीन नि दुसऱ्या कोनाचा स्पीकर फाडशीन. बाबारावजी, बनवा याचं. ते पंधरा इंची का काय, तेच बनवा.

बाबाराव : बनवतो.

बळीराम : मंग मी काय करू, काकाजी? तुम्ही सांगान ते करतो.

धोंडबा : पाच वाजता बैठकीले ये.

बळीराम : येतो. तुम्ही सांगा त्यायले, मी तुमच्या मांगं उभा राहतो.

धोंडबा : मी कायले सांगू? मी सांगितलं तं म्हनतीन, बुढं सोताले वाचवाले पोट्ट्याचं नाव घेऊन राहिलं. तू सांग.

बळीराम : पुरी वस्ती राहीन तिथं.

धोंडबा : राहीन ना. बाया बी राहतेत. पार दारापर्यंत बसतेत.

बळीराम : मले नाही जमनार, काकाजी. आवाज नाही निघनार माहा.

धोंडबा : काढा लागन गा. माइक तं आज नाही, मोठ्यानं बोलजो.