संत्र्याचं दूध तोडलं

(भिलाई, १९६०. क्वार्टरचं मागचं अंगण. वच्छला संत्र्याच्या नव्या कलमापाशी. नवरा देवीदास दारात.)

वच्छला: पाणी नाही घातलं म्हनता, मंग आळ्यातली माती वली कावून आहे?

देवीदास: दव पडलं असंन.

वच्छला: एकाच झाडापुरतं?

देवीदास: कुत्रं येऊन गेलं असंन.

वच्छला: बालटीभर?

देवीदास: बरं, मीच घातलं. लोटाभर.

वच्छला: खरं सांगा.

देवीदास: दोन बालट्या. पानं एकदम माना टाकून होते. मी आठ घंटे फर्नेसपाशी उभा राहतो, वच्छला. तहान काय असते ते मले इचार. मले नाही पाहवत.

वच्छला: दुपारी सगळेच माना टाकतेत. संध्याकाळी उठलं का नाही, ते पाहा लागते. रोज पाणी भेटलं का मुळ्या वरच बसून राहतेत, घरजावयासारख्या. आठ दिवसातून एकदा पोटभर द्या, मंग पाण्याच्या मागं खाली जातेत.

देवीदास: हे तुह्या बाबाचं काळ्या मातीचं काटोल आहे का? इथं मुरूम. खड्डा खनाले लोखंडी सब्बल लागली होती.

वच्छला: म्हनूनच. लेकराचं दूध तोडतेत ना, तसंच. चार दिवस रडते, मंग भाकर खाते.

देवीदास: पन घाई काय? मी आहो ना पाणी घालाले.

वच्छला: कुठं आहा? परवा तुमी रशियाले चालले, सहा महिने ट्रेनिंगले. मी बाळंतपनाले बाबाकडं. शेजारची अंजनाबाई आठ दिवसातून एकदा पाणी टाकंन. रोज नाही, तिले घरचेच सहा लेकरं आहेत.

देवीदास: म्हनून तर पाजलं. जाच्या आधी झाड सहा महिन्याचं पिऊन घेईन, म्हटलं.

वच्छला: संत्रा आहे तो, उंट नाही. हे तनस घ्या, पसरवा. ओल टिकंन. बुडाले चिपकवू नका.

देवीदास: तू लय कठोर, वच्छला. नवरा एवढ्या दूर चालला, डोळ्यात टिपूस नाही. चार दिवसापासून शिफ्टवरून येऊन हाक मारून राहिलो, तर दाराशी बी येत नाहीस.

वच्छला: आयकू येते मले.

देवीदास: मंग रागावली का?

वच्छला: नाही. सवय करून राहिली.

देवीदास: झाली का मंग?

वच्छला: कुठं झाली. तनस पसरवा तुमी.