फक्त पाव आटा!

नाही, पण मी म्हणतो, लोकांच्या हाताला अशी खाज सुटतेच कशी? दुसऱ्याची गाडी बंद पडलेली दिसली की... आलेच! डोळ्याला चष्मा नसेल, पायात चप्पल नसेल, पण हातात स्क्रू ड्रायव्हर हजर! आणि स्क्रू फिरवताना सगळ्यांचं पालुपद एकच, "लक्ष्मीकांतराव, फक्त पाव आटा!"

तुम्हाला सांगतो, माझी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल आहे, चिखला-खडकांत पळवायची. माझं वय चोपन्न, तिचं तीस, उतारावर दोघांचेही सांधे वाजतात. हो, शाळेत गणित शिकवतो मी, मग? गणिताच्या मास्तरानं चिखलात पडू नये असं कुठे लिहिलंय? तर दसऱ्याला मी स्वतः हिची साग्रसंगीत पूजा केली, हळद, कुंकू, झेंडू, जिथे फट दिसेल तिथे फूल, काही कमी ठेवलं नाही... आणि दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी असा काळा धूर सोडला, की मांजलपुरातल्या आमच्या सोसायटीत चार बिऱ्हाडांचे वाळत घातलेले कपडे परत धुवायला गेले!

आमची देवश्री गॅलरीतून म्हणते, "अहो, नाक चोंदलं असेल तिचं. आधी नाक बघा." नाक! मोटरसायकलला नाक! मी म्हटलं, "बाई गं, हा कार्ब्युरेटर आहे. इथे पेट्रोलमध्ये हवा मिसळते. हवा कमी पडतेय म्हणून धूर. हा पितळी स्क्रू दिसतो? तो फिरवला की झालं." तर म्हणाली, "फिरवा. पण पुढच्या महिन्यात मही नदीच्या घळीत, त्या कोतरात, तुमची ती शर्यत आहे ना, तिथे एक फेरी, एकच, पुरी करून दाखवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला." आणि लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ही बाई कधी उगाच बोललेली नाही!

झालं. मी स्क्रू ड्रायव्हर लावतोय, तोच खालचे पिलाजीराव. वय अठ्ठ्याहत्तर, पणजोबा संस्थानच्या घोडदळात. गाडीच्या टाकीला कान लावला, डोळे मिटले... "हं. घुसमटलंय जनावर. लगाम सैल सोड. फक्त पाव आटा!" वडीलधारा माणूस, नाही कसं म्हणणार? सोडला. धूर तसाच! मग माझा मेहुणा निहार, मोबाईलवर कुणा जपान्याचा व्हिडिओ घेऊन. "भावजी, भाषा नाही कळत, पण त्याचं बोट बघा ना, कुठं वळतंय!" विरुद्ध बाजूला वळत होतं! वळवला. गाडी सुरूच होईना! मग समोरच्या पूर्वीबेन, दुधाची पिशवी हातात, "लक्ष्मीकांतभाई, मारा मिक्सरने पण आवुंज थयुं हतुं!" म्हणे त्यांच्या मिक्सरलाही अस्संच झालं होतं! आता मिक्सरला कार्ब्युरेटर असतो का हो? पण त्यांनीही फिरवला! दूधवाल्यानं फिरवला! मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनी चौथा मजला चढायच्या आधी फिरवला! आणि मी, तीस वर्षं पोरांना अपूर्णांक शिकवणारा माणूस, मला सांगता येईना की स्क्रू आता किती उघडा आहे! कारण प्रत्येकाचा पाव वेगळा!

शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी गाडी ढकलत ढकलत गाठली वाडी. तिथे विक्रमसिंह मिस्त्रीचं गॅरेज. या माणसानं कान लावला नाही, मोबाईल काढला नाही, एक किक मारली, धूर हुंगला आणि म्हणाला, "साहेब, आखी सेटिंग बदलवी पडशे." सगळीच बदलली! पेट्रोलचा जेट बारीक भोकाचा घातला, आतली सुई खाली घेतली, आणि सगळ्यात शेवटी... हसू नका... "खाली पा आंटो!" त्याचाही तोच पाव आटा! आणि काय सांगू! गाडी अशी गुणगुणायला लागली, अशी गुणगुणायला लागली... माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. चक्क पाणी.

रविवार. महीचं कोतर. माती, पोरं, भोंगा. सुटायला दहा मिनिटं. विक्रमसिंहही आलेला, आपली करामत बघायला. देवश्री म्हणाली, "पाकीट द्या इकडे, पडेल," आणि ठेवायला तिनं सीट उचललं. आत हवेच्या नळीच्या तोंडाशी हात गेला तिचा, आणि बाहेर काय आलं? झेंडू! काळाठिक्कर, तेलानं थबथबलेला, माझ्या हातानं, माझ्या भक्तीनं, दसऱ्याला कोंबलेला झेंडू!

"नाक," देवश्री म्हणाली. आणि तो झेंडू माझ्या नाकासमोर धरला.

मी म्हटलं, चला, रोग सापडला! मारली किक... तर गाडी कोकलायला लागली, किंचाळली, आणि खलास! साहजिकच आहे! महिनाभर सगळ्यांनी मिळून जे काही बसवलं होतं, ते झेंडूसकट बसवलं होतं! आता हवा फार, पेट्रोल थोडं! भोंग्याला चार मिनिटं! भंगारवाला मला डोळ्यांसमोर दिसायला लागला, गोणी घेऊन! आणि विक्रमसिंह, तो थोर माणूस, हात जोडून म्हणतो, "भाभी, फूल पाछुं मूकी दो!"

आणि ठेवलं तिनं परत. दोन बोटांनी. वर नमस्कारही केला.

फेरी पुरी झाली! सगळ्यांत शेवटी, दोनदा पडून, एकदा उलट दिशेला जाऊन, पण झाली! गाडी वाचली. भंगारवाला गेला आल्या पावली.

म्हटलं, सुटलो. आता तरी कुणी स्क्रूला हात लावणार नाही. आणि खरंच कुणी लावत नाही हो. काल संध्याकाळी पिलाजीराव आले, हळूच सीट उचललं, डोळे मिटले, आणि म्हणाले,

"लक्ष्मीकांत... फक्त एक पाकळी काढून बघू?"