आधी आवाज द्यायचा

माझ्या परसातल्या पोलिश कोंबड्या तुमी बघितल्याच हायेत. डोक्यावर पिसांचा एवढा मोठा झुबका, की डोळेच झाकून जातेत. परवा वडवणीहून आपला सत्तार खास त्या बघायला आलता. त्यानं एकीला उचलायला हात घातला, तसा मी वरडलो, "थांब बे. तिला लई कमी दिसतंय. आधी आवाज द्यायचा, मग हात लावायचा. न्हाईतर घाबरती."

मग मीच करून दाखवलं. "आलो बरं का, बाई माझी," म्हणत म्हणत जवळ गेलो, तर गपगार हातात आली. सत्तार म्हणला, "लई जीव लावलाय तू."

मी खूश. तेवढ्यात आतून चहा आला. आई बाजंवर बसलेली, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी गुमान जाऊन तिच्या हाताला कप टेकवला. ती दचकली आणि गरम चहा समदा लुगड्यावर. वर मीच खेकसलो, "आई, मीच हाय की. कावून दचकती?"

आई पदर झटकत म्हणली, "कोंबडीला आवाज देऊन जातूस. मलाबी दिसत न्हाई रं बाबा."

सत्तार खाली बघायला लागला. मला वाटलं, तो झुबका आत्ता माझ्या तोंडावर असता तर बरं झालं असतं.